दर वर्षी बदलणारा चष्म्याचा नंबर

तेरा ते पंचवीस या वयातल्या मुलामुलीच्या चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलत असेल, त्यातही सिलिंडरचा नंबर चढत असेल आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे दुहेरी दिसत असतील, तर आणखी एक चष्मा करण्याआधी बुबुळाचा नकाशा काढून घ्यावा. हा केराटोकोनस असू शकतो. त्यात बुबुळाचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. या आजारापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. आजार पुढे सरकू नये म्हणून काय करायचे, हा पहिला. आज जे बुबुळ आहे त्यातून जास्तीत जास्त चांगले कसे दिसेल, हा दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि रुग्णांची बरीचशी निराशा ही दोन्ही एकच समजण्यातून येते. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या वाचकांसाठी पहिला प्रश्न जास्त तातडीचा आहे. दृष्टी सुधारण्याचे उपाय दोन-चार वर्षे उशिरा केले तरी चालतात, पण थांबवण्याची संधी तेवढी वाट पाहत नाही.

निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि डोळ्याच्या एकूण प्रकाश वळवण्याच्या शक्तीचा सुमारे दोन तृतीयांश वाटा त्याचा असतो. कोलॅजेनच्या धाग्यांचे थर एकमेकांना बांधलेले असल्यामुळे त्याचा आकार टिकतो. केराटोकोनसमध्ये ही बांधणी सैल पडते. पडदा, बहुधा मध्याच्या थोडा खाली, पातळ होतो आणि डोळ्याच्या आतल्या दाबाने तिथेच फुगतो. हा फुगवटा सगळीकडून सारखा नसतो, म्हणून चष्म्याच्या सारख्या वळणाच्या काचेला त्याची भरपाई करता येत नाही. त्यामुळे एका दिव्याचे दोन-तीन दिवे दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलच्या उजेडाला शेपट्या फुटतात, अक्षराला सावली येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कळत नाही. आजार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, पण एक डोळा मागे आणि एक पुढे असतो. चांगला डोळा काम चालवून नेतो आणि तेवढ्यात दुसरा हातचा जातो.

ओळखण्याची एक खूण मात्र अशी आहे की तिला मोठे यंत्र लागत नाही. काळ्या पट्टीला पाडलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे पिनहोलमधून, मुलाला तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येतात, पण कोणताही नंबर घालून त्या ओळी येत नाहीत. असे झाले तर दोष बहुतेक वेळा बुबुळाच्या वेड्यावाकड्या पृष्ठभागात असतो. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे पिनहोल असतेच. रेटिनोस्कोप हातात असेल तर बाहुलीत कात्रीच्या दोन पात्यांसारखी उघडमीट करणारी सावलीही त्यांना दिसेल. ही दोन निरीक्षणे संदर्भचिठ्ठीवर लिहून घेतली तर पुढच्या डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो. ती न झाल्यामुळे अशा मुलाच्या कागदावर कधी ‘आळशी डोळा’ असे लिहिले जाते आणि शाळेत त्याला अभ्यासाचा कंटाळा आहे असे ठरते. आळशी डोळ्याची दृष्टी पिनहोलने सहसा सुधारत नाही. एवढा फरक तपासायला दोन मिनिटे पुरतात.

इथे पहिला आक्षेप येतो: हा दुर्मीळ आजार, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? दुर्मीळ ही कीर्ती प्रामुख्याने अमेरिकेतून आलेली आहे. मिनेसोटातल्या १९८६च्या प्रसिद्ध अभ्यासात लाखामागे सुमारे ५४ रुग्ण मोजले गेले, म्हणजे दोन हजारांत एक, आणि तोच आकडा पाठ्यपुस्तकांत बसला. नेदरलँड्समधल्या २०१७च्या विश्लेषणात तो ३७५ जणांत एक निघाला. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या २००० सालच्या नोंदींत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत नव्या रुग्णांचे प्रमाण गोऱ्या रहिवाशांच्या चौपटीहून जास्त होते. आपल्या जवळचा पुरावा नागपूरचा आहे. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मन नेत्रतज्ज्ञ योस्ट योनास यांच्या चमूने ग्रामीण भागातल्या ३० वर्षांवरच्या सुमारे ४७०० लोकांचे डोळे तपासले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आले. या आकड्यावर रास्त टीका झाली आहे. त्यांनी कॉर्नियाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा जास्त असणे एवढीच कसोटी लावली होती, संपूर्ण नकाशा काढला नव्हता, आणि ठेंगण्या अंगकाठीच्या माणसांचा डोळा लहान व बुबुळ मुळात जास्त वळणदार असू शकते. म्हणून २.३ हा आकडा मी वरची मर्यादा मानतो. पण तो कितीही खाली ओढला, तरी एखाद्या मोठ्या आश्रमशाळेत एखादे असे मूल असणे ही नवलाची गोष्ट राहत नाही. शिवाय तो अभ्यास तिशीपुढच्यांचा होता आणि आजार सुरू होतो तो किशोरवयात.

आजार का होतो याचे पूर्ण उत्तर वैद्यकाजवळ नाही. काही घराण्यांत तो दिसतो, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत जास्त दिसतो. पण ज्या कारणावर आपला हात चालतो ते एकच आहे, डोळे चोळणे. बोटांच्या पेरांनी, जोर लावून, रोज चोळणाऱ्यांत हा आजार जास्त सापडतो हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आले आहे. मूल डोळे चोळते ते खाज सुटते म्हणून, आणि उष्ण-कोरड्या प्रदेशांत मुलांच्या डोळ्यांची एक चिवट अॅलर्जी असते, जी उन्हाळ्यात उसळते. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढचा. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्राची राख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरला चौथे स्थान दिले होते. म्हणून ‘धुळीने केराटोकोनस होतो’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसा थेट पुरावा नाही. धूळ आणि ऊन खाज वाढवतात, खाजेमुळे हात डोळ्याकडे जातो आणि चोळण्याने आधीच कमकुवत असलेले बुबुळ आणखी ढिले पडते, एवढी साखळी मांडता येते. वागण्यासाठी तेवढी पुरेशी आहे. खाज आली तर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला गार पाण्याचा शेक द्यावा, उन्हात टोपी आणि गॉगल वापरावा आणि डॉक्टरने लिहून दिलेले अॅलर्जीचे थेंब पूर्ण काळ घालावेत. मेडिकल दुकानातून ‘लाल डोळ्याचे’ म्हणून मिळणाऱ्या थेंबांत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन ही स्टेरॉइडे असतात. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती बाटली घरात कायमची मुक्काम करते, आणि काही महिन्यांनी मोतीबिंदू किंवा डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू झाल्याचे कळते. बाटलीवरचे नाव वाचल्याशिवाय आणि किती दिवस घालायचे हे विचारल्याशिवाय ती घरी आणू नये.

शंका आली की पुढची पायरी नकाशाची. त्याला टोपोग्राफी म्हणतात, आणि ज्या यंत्राने जाडीही मोजली जाते त्यातले एक पेंटाकॅम या नावाने ओळखले जाते. तपासणी काही मिनिटांची आहे, डोळ्याला स्पर्श होत नाही. पण हे यंत्र तालुक्याच्या गावी मिळत नाही. रस्ता असा धरावा: शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा त्यांना किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला दाखवावे, तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे, आणि गरज पडल्यास तिथून नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. गोदावरीवर पूल झाल्यापासून तिथल्या लोकांना हैदराबाद जवळ पडते, आणि तिथली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था बुबुळाच्या उपचारांसाठी देशभर ओळखली जाते, गरिबांवर मोफत उपचारही करते. कुठेही जायचे असले तरी निघण्याआधी फोन करून विचारावे की टोपोग्राफी कोणत्या वारी होते, यंत्र चालू आहे का. जुने चष्मे आणि जुने नंबरचे कागद बरोबर न्यावेत. नंबर किती वेगाने बदलला हे त्यावरूनच कळते, आणि उपचाराचा निर्णय याच वेगावर ठरतो. नकाशाची रंगीत छापील प्रत मागून घ्यावी, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. सहा महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर तुलनेला पहिला नकाशा लागतो, आणि तो नसेल तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाबरोबर मराठी समजणारे मोठे माणूस असावे, कारण पुढच्या सूचना बारीक असतात.

नकाशाने निदान पक्के केले आणि आजार सरकतो आहे असे दिसले, की थांबवण्याचा सिद्ध झालेला उपाय एकच आहे, क्रॉसलिंकिंग. दवाखान्यांत त्याला सीथ्रीआरही म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथे थिओ सायलर, ग्रेगोर वोलेन्साक आणि एबरहार्ड श्पोर्ल यांनी ही पद्धत विकसित केली आणि २००३मध्ये रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष छापले. मूळ पद्धतीत बुबुळावरची सर्वांत वरची पेशींची साय बधिर करून काढतात, जीवनसत्त्व ब-२ म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब अर्धा तास मुरू देतात आणि मग अर्धा तास मोजून मापून अतिनील किरण देतात. त्यातून कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये नव्या गाठी बसतात. बांबूच्या तट्ट्याला जास्त ठिकाणी बांधले की तो जसा ताठ राहतो, तसा तो पडदा ताठ होतो. आता किरणांची तीव्रता वाढवून वेळ कमी करणाऱ्या पद्धतीही वापरतात. प्रत्येकाला हा उपाय चालतो असे नाही. मूळ पद्धतीत, साय काढल्यावर कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन जाड उरावा लागतो, म्हणजे आतला थर किरणांपासून सुरक्षित राहतो. त्याहून पातळ बुबुळासाठी फेरफार केलेल्या पद्धती आहेत, पण तेव्हा जोखीम वाढलेली असते. उशीर महाग पडतो तो या जाडीमुळे.

‘एवढे करून नंबर जात नाही, दिसण्यात फरक पडत नाही, मग करायचे कशाला?’ हा आक्षेप दवाखान्याच्या बाकड्यावर हमखास ऐकू येतो, आणि त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. क्रॉसलिंकिंग दृष्टी सुधारण्यासाठी नाही. काही जणांचा फुगवटा थोडा सपाट होतो, पण त्याची हमी कुणी देऊ नये आणि कुणी मागू नये. फायदा पाहायचा तो जे घडले नाही त्यात. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षे वयाच्या ६० मुलांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरालिंक चाचणीत दीड वर्षात, उपचार न झालेल्या गटातल्या ४३ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला आणि उपचार झालेल्या गटातल्या ७ टक्क्यांचा. नेदरलँड्समध्ये क्रॉसलिंकिंग रुळण्याआधीच्या तीन वर्षांत केराटोकोनससाठी २६९ बुबुळरोपणे झाली होती, रुळल्यानंतरच्या तीन वर्षांत २०१. मुलांत तर आजार सरकतो आहे हे सिद्ध होण्यासाठी वर्षभर थांबणेही अनेक तज्ज्ञांना पटत नाही, कारण लहान वयात तो वेगाने धावतो. भामरागडच्या मुलाला ‘सहा महिन्यांनी दाखवायला या’ म्हटले तर तो येईलच याची खात्री नसते. म्हणून असे मूल समोर असताना उपचाराकडे कल ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. उलट चाळिशीच्या रुग्णाचा आजार बहुधा वयानेच थांबलेला असतो. त्याला कुणी घाईने क्रॉसलिंकिंग सुचवले तर ‘सरकतो आहे हे कशावरून?’ असे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

क्रॉसलिंकिंगनंतरचे पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. साय पुन्हा येईपर्यंत पट्टीसारखी एक मऊ लेन्स ठेवलेली असते आणि याच काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी एसटीने गावी परतू नये. निदान ती लेन्स निघेपर्यंत शहरात राहण्याची सोय आधी करावी. वेळही निवडून घ्यावी. तेंदू तोडण्याचा मे महिना धुळीचा आणि घामाचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे, आणि दुखणारा डोळा घेऊन पुराच्या अलीकडे-पलीकडे अडकणे परवडणारे नाही. आश्रमशाळेतल्या मुलासाठी दिवाळीची सुटी सर्वांत सोयीची. खर्चाबाबत महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. डॉक्टरने सुचवलेल्या उपचाराचे नेमके नाव त्यांना दाखवून तो योजनेत बसतो का, हे तारीख ठरण्याआधी विचारून घ्यावे. बसत नसेल तर त्याच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे जावे.

आता दुसरा प्रश्न, चांगले दिसण्याचा. सुरुवातीच्या अवस्थेत चष्मा पुरतो आणि पुरतो तोवर लेन्सच्या मागे लागू नये. तो पुरेनासा झाला की खरी सुधारणा देते ती कडक लेन्स. तिला गॅस पर्मिएबल किंवा आरजीपी म्हणतात. ती बुबुळावर तरंगते, खालच्या खाचखळग्यांत अश्रू भरतात आणि डोळ्याला नवा, सारखा पृष्ठभाग मिळतो. चष्म्याने अर्ध्या तक्त्यावर अडलेला माणूस अशा लेन्सने पुष्कळदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तिच्याने आजार थांबत नाही, हे लक्षात असू द्यावे. स्क्लेरल लेन्स मोठी असते, बुबुळावरून कमान टाकून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आत सलाईन भरून घालतात. आरजीपी काही हजारांत मिळते, स्क्लेरल तिच्या कित्येक पट महाग. ‘जंगलातल्या गावात लेन्स कशी चालणार?’ हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. ज्या घरी हात धुवायला साबण आणि लेन्ससाठी स्वतंत्र द्रावण नियमित मिळणार नाही, तिथे लेन्स देणे धोक्याचेच. विहिरीच्या, हातपंपाच्या किंवा नळाच्या पाण्याने लेन्स धुणे म्हणजे बुबुळात अमीबाचा संसर्ग ओढवून घेणे, आणि तो केराटोकोनसपेक्षा भयंकर असतो. नदीत पोहताना, झोपताना लेन्स डोळ्यात नको. पण गोंडवाना विद्यापीठात शिकणारी मुलगी, चंद्रपुरात दुकान सांभाळणारा तरुण, अहेरीतली शिक्षिका यांना ही शिस्त सहज जमते. आणि धुळीत काम असेल तर लहान कडक लेन्सपेक्षा स्क्लेरल बरी, कारण कडा डोळ्यावर नीट बसल्या की धुळीचा कण खाली शिरत नाही. म्हणून प्रश्न जंगलाचा नाही, त्या घरच्या पाण्याचा, साबणाचा आणि कामाचा आहे. लेन्स बसवणाऱ्याने हे विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे. बुबुळात बसवायच्या प्लॅस्टिकच्या अर्धवर्तुळाकार पट्ट्याही असतात. निवडक रुग्णांत त्यांनी आकार सुधारतो, पण त्या महाग असतात आणि बहुतेकांना त्यानंतरही चष्मा किंवा लेन्स लागतेच.

पोलीस किंवा वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्यांना एक वेगळी सूचना. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत चष्मा आडवा येईल या भीतीने लेझरने नंबर घालवायला जाणारी मुले बरीच असतात. केराटोकोनस असलेल्या, किंवा नकाशावर त्याची नुसती चाहूल लागलेल्या बुबुळावर लेसिक करू नये. आधीच पातळ असलेला पडदा लेझर आणखी तासतो आणि आजार उफाळतो. नकाशा न काढता लेसिकची तारीख देणाऱ्या केंद्रातून उठून यावे.

आजार पुढे गेलेल्या काही रुग्णांत एके दिवशी बुबुळाच्या आतला थर फाटतो, आतले पाणी पडद्यात शिरते आणि डोळा पांढरट होऊन दिसणे बंद होते. गावात त्याला फूल पडले म्हणतात आणि पानांचा रस, मध, अंगावरचे दूध असे काहीबाही घातले जाते. त्याने आधीच सुजलेल्या बुबुळात संसर्ग होऊ शकतो. काही न घालता नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. सूज बहुधा दोन-चार महिन्यांत ओसरते आणि मागे व्रण राहतो. तो व्रण मध्यभागी असेल, किंवा लेन्स कुठल्याच प्रकारे बसत नसेल, तर बुबुळरोपणाची वेळ येते. ‘रोपण मोफत होते, मग आधीचे सगळे कशाला?’ असे म्हणणाऱ्याने रोपणानंतरचे आयुष्य पाहावे. वर्षभर टाके, महिनोन्‌महिने थेंब, नंबर स्थिर व्हायला वेळ, आणि त्यानंतरही पुष्कळदा कडक लेन्स. बैलाचे शिंग किंवा फांदीचा फटका बसला तर जखमेची शिवण उसवू शकते. आतला थर शाबूत असेल तर डॉक्टर फक्त पुढचे थर बदलतात. अशा रोपणात शरीराने नवे बुबुळ नाकारण्याची शक्यता कमी असते, म्हणून ते शक्य आहे का हे जरूर विचारावे. पूर्ण जाडीच्या रोपणात मात्र हा धोका कायम सोबत राहतो. डोळा लाल होणे, उजेड टोचणे, दुखणे, अंधुक दिसणे यांपैकी एकही लक्षण आले तर त्याच दिवशी निघावे. एटापल्ली किंवा सिरोंचासारख्या ठिकाणी राहणाऱ्या रुग्णाने डॉक्टरचा फोन नंबर, थेंबांची एक जादा बाटली आणि प्रवासापुरते पैसे वेगळे काढून ठेवावेत.

घरात एकाला केराटोकोनस निघाला की त्याच्या भावंडांचा नकाशाही काढून घ्यावा, त्यांची काही तक्रार नसली तरी. पहिल्या मुलाला दुसऱ्या तपासणीसाठी नेताना धाकट्यालाही त्याच गाडीत बसवले तर वेगळी खेप पडत नाही.